अवकाळीचा इशारा आला? कांदा झाकायच्या आधी लेकरांचं बघा : वादळ, गारपीट आणि थंडीत घराची तयारी

दुपारी तीनपर्यंत ऊन असतं. चारच्या सुमाराला एका बाजूनं आभाळ काळं होतं, गार वारा सुटतो आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एकच धावपळ सुरू होते. शेतात काढून ठेवलेला कांदा, हरभऱ्याची गंजी, कापणीला आलेला गहू, शेडमधला बेदाणा. घरातली धडधाकट माणसं ताडपत्री घेऊन पळतात. मागे वस्तीवर राहतात ती म्हातारी आई, सहा महिन्यांचं बाळ, तीन वर्षांचं पोरगं आणि त्या दोघांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची ताई.

पिकाची काळजी खरीच आहे, वर्षाचं पोट त्यावर असतं. पण वादळाच्या त्या पाऊण तासात घरात लेकरांजवळ कोण आहे, हे बहुतेक घरांत ठरलेलं नसतं. हिवाळ्यातल्या वादळात लहान लेकरांना चार गोष्टींचा धोका असतो : वीज, पडझड, ओल्या अंगाला लागणारी थंडी, आणि थंडी घालवायला बंद खोलीत पेटवलेली शेगडी. या चारही गोष्टींची तयारी आदल्या दिवशी, फारसा खर्च न करता होऊ शकते. ती कशी करायची, हे क्रमानं पाहू.

हिवाळ्यात वादळ येतं कुठून?

पावसाळा संपला की वादळ संपलं, असं आपल्याकडे राहत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तानमार्गे उत्तर भारतात येतात. त्यांचा परिणाम कधी कधी महाराष्ट्रापर्यंत पोचतो. वरून थंड हवा आणि खालून अरबी समुद्राची किंवा बंगालच्या उपसागराची दमट हवा अशी गाठ पडली की ढग उंच वाढतात. ढगातले पाण्याचे थेंब वाऱ्याबरोबर पार वर जातात, तिथं गोठतात, खाली येतात, परत वर जातात. दर खेपेला बर्फाचा थर वाढतो. वजन पेलेनासं झालं की गार खाली पडते.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भात गारपिटीनं जे केलं ते शेतकरी विसरलेले नाहीत. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात, निफाड भागात, ऐन द्राक्षाच्या हंगामात गारा पडल्या. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च हा सगळाच काळ सावध राहण्याचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वादळ गेल्यावर आभाळ निवळतं आणि उत्तरेकडचा गार वारा चालू होतो. निफाड, परभणीसारख्या भागात थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. घराचे पत्रे उडालेले, अंथरूण ओलं, लाईट गेलेली आणि वरून अशी रात्र. लेकरांसाठी वादळाइतकीच ही रात्र कठीण असते.

इशारा कसा वाचायचा?

हवामान खातं जिल्ह्यानुसार रंगांत इशारा देतं. हिरवा म्हणजे काळजीचं कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी, ज्याला सगळे ऑरेंज अलर्ट म्हणतात, म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा.

याशिवाय पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा इशारा येतो. त्यात जिल्ह्याचं नाव, विजांचा कडकडाट, वाऱ्याचा वेग आणि गारपिटीची शक्यता दिलेली असते. हा मेसेज कामाचा आहे, पण त्यावरची तारीख आणि वेळ बघूनच पुढं पाठवा. मागच्या वर्षीचे मेसेज दरवर्षी फिरतात आणि खरा इशारा येतो तेव्हा लोक दुर्लक्ष करतात.

विजेसाठी ‘दामिनी’ हे मोफत अॅप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं ते बनवलं आहे. आपल्या जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. लोकेशन चालू ठेवलं तरच त्याचा उपयोग होतो. ‘सचेत’ अॅपवरही आपत्तीचे सरकारी इशारे येतात. घरात एका तरी फोनवर ही दोन्ही असावीत. आणि तो फोन लेकरांपाशी थांबणाऱ्या माणसाकडे असावा.

सगळ्यात आधी : लेकरांचा माणूस ठरवा

पिवळा किंवा ऑरेंज अलर्ट आला की रात्री जेवताना घरात बोलून घ्यावं. कांद्याकडे कोण, जनावरांकडे कोण आणि लेकरांपाशी कोण. लेकरांपाशी जो थांबेल तो मोठा, हातपाय धड असलेला माणूस पाहिजे. आजी असली तर उत्तमच. पण आजीला दिसत कमी असेल, गुडघे धरत असतील, तर एकटी आजी एका वेळी बाळ उचलून तीन वर्षांच्या पोराचा हात धरू शकत नाही. अशा वेळी सून, दीर, जाऊ, कोणीतरी एक जण तिच्यासोबत घरीच थांबवा.

आठ-नऊ वर्षांच्या पोरीवर बाळ टाकून जाणं ही आपल्याकडची रीतच झाली आहे. ती बिचारी सांभाळतेही. पण पत्रा उडाला, बाळ निपचित पडलं, धूर झाला, तर निर्णय घेणं तिचं वय नाही. तिला मदतीला ठेवा. जबाबदारी मोठ्यावर राहू द्या.

शेतात एक माणूस कमी पडेल हे खरं. त्यासाठी कांद्यावर ताडपत्री आदल्या दिवशीच टाकून, कडेनं दगड-मातीनं दाबून ठेवावी. ढग दिसल्यावर पळावं लागू नये, हाच उपाय. शेजारच्या वस्तीशीही बोलून ठेवावं. दोन घरांची लेकरं त्यातल्या पक्क्या घरात एकत्र ठेवली तर दोन्ही घरांचा एक-एक माणूस मोकळा होतो.

वादळ बहुतेक वेळा दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत येतं. तीच शाळा सुटायची वेळ. अलर्ट असेल त्या दिवशी पोरांना कोण आणणार, आणि वादळ आलंच तर पोरं शाळेतच थांबतील, हे गुरुजींशी सकाळीच ठरवा. पोरांनाही सांगून ठेवा : आभाळ गरजलं तर वाटेला लागायचं नाही, आम्ही येऊ.

आदल्या दिवशी घराचं काय बघायचं?

पत्र्यावर दगड ठेवून पत्रा राहत नाही. वाऱ्यानं पत्रा हलला की तोच दगड खाली येतो. पत्रे हुक-नट लावून किंवा जाड तारेनं लाकडाला, अँगलला बांधून घ्या. ज्या जागेवर दगड आहेत त्याखाली पाळणा, झोळी किंवा लेकरांचं अंथरूण नको.

घरातली सर्वांत पक्की जागा आधी हेरून ठेवा. स्लॅबची खोली असेल तर तीच. नसेल तर जाड भिंतीची, कमी खिडक्यांची आतली खोली. सिमेंटचा पत्रा मोठ्या गारांनी फुटतो, त्याचे तुकडे खाली येतात. अशा घरात मजबूत पलंगाखाली किंवा जाड टेबलाखाली लेकरांना बसता येईल अशी जागा मोकळी करा. घर अगदीच कच्चं असेल तर शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत किंवा भाऊबंदांचं स्लॅबचं घर यापैकी कुठं जायचं ते ठरवा आणि आभाळ भरायच्या आत जा. गारा सुरू झाल्यावर लेकरू घेऊन बाहेर पडू नका.

सरपण, गोवऱ्या, काडीपेटी कोरड्यात घ्या. पिण्याचं पाणी दोन दिवसांचं भरून झाकून ठेवा, कारण लाईट गेली की मोटर बंद आणि मोटर बंद की नळ बंद. पण बादल्या, टाक्या उघड्या ठेवू नका. रांगतं लेकरू बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडतं.

मोबाईल, बॅटरी, पॉवर बँक चार्ज करून ठेवा. डिशची वायर, टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर यांचे प्लग वादळाआधी काढा.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. वादळाच्या भीतीनं शेतातल्या खोपटातली फवारणीची औषधं, डिझेल, पेट्रोल घरात आणून कोपऱ्यात ठेवली जातात. पाण्याच्या बाटलीत भरलेलं डिझेल तीन वर्षांच्या पोराला सरबत वाटतं. ही सगळी चीज उंचावर, कुलपात ठेवा. पोटात गेलंच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. मीठ-पाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

लेकरांची पिशवी

एक पिशवी भरून, प्लास्टिकच्या खताच्या कोरड्या, धुतलेल्या गोणीत घालून दाराजवळ टांगून ठेवा. खत-औषधाचा वास असलेली गोणी घेऊ नका. घर सोडावं लागलं तर ही एकच वस्तू उचलायची.

पिशवीत काय असावं :

– प्रत्येक लेकरासाठी दोन जोड कोरडे कपडे, कानटोपी किंवा कुंची, मोजे, स्वेटर
– बाळासाठी दुपटी, लंगोट, एक मऊ गोधडी
– एक टॉवेल आणि आईसाठी कोरडी साडी किंवा गाऊन. आई ओली राहिली तर बाळ उबदार राहत नाही
– पिण्याचं पाणी, वाटी-चमचा
– ओआरएसची दोन-तीन पाकिटं, तापाचं डॉक्टरांनी त्या लेकराला दिलेलं औषध, चालू असलेली इतर औषधं
– लसीकरणाचं कार्ड, आधार कार्डाची झेरॉक्स
– बॅटरी आणि कागदावर लिहिलेले चार-पाच मोबाईल नंबर. फोन बंद पडला की नंबर कुणालाच पाठ नसतात
– एखादं खेळणं किंवा लेकराच्या ओळखीची चिंधी. भ्यालेलं पोर त्यानं गप्प होतं

खायला काय ठेवायचं? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचं दूध. पाणी, घुटी, मध काही नको. एक वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये. मोठ्यांसाठी दशम्या, गुळाची पोळी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, भाजलेलं पीठ असं चूल न पेटवता खाता येईल ते. शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांच्या आतल्या पोरांच्या हाती देऊ नका. अंधारात, रडता-रडता दाणा श्वासनळीत जातो. थर्मास असेल तर गरम पाणी भरून ठेवा, दोन वेळचं पीठ कालवायला पुरतं.

वीज कडाडू लागली की

लखकन उजेड दिसला की मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद झाले नाहीत तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका. बऱ्याचदा पाऊस थांबला म्हणून पोरं गारा वेचायला अंगणात धावतात. पाऊस थांबला म्हणून वीज थांबत नाही, हे पोरांना आधीच सांगा.

घरात असताना :

– दारात, ओट्यावर, पडवीत बसू नका
– लोखंडी खिडकी, दार, नळ यांना हात लावू नका. लेकरांच्या अंघोळी, भांडी-धुणं त्या वेळी नको
– चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलू नका. नुसत्या मोबाईलमुळे अंगावर वीज पडते ही मात्र अफवा आहे

रानात असताना :

– चिंच, आंबा, बाभूळ, कुठल्याही एकट्या झाडाखाली थांबू नका. लेकराची झोळी झाडाला बांधलेली असेल तर ढग दिसताच पहिल्यांदा ती सोडा
– द्राक्षाचा मांडव, तारेचं कुंपण, विजेचा खांब, विहीर, शेततळं यापासून लांब जा. मांडवाच्या तारा एका टोकाला पडलेली वीज दुसऱ्या टोकापर्यंत नेतात
– उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल सोडा. काचा बंद असलेली चारचाकी चालते
– चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड सुरक्षित नाही
– कुठंच आसरा नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, मान खाली, हात कानावर. जमिनीवर झोपू नका. मोठी पोरं, माणसं एकमेकांपासून थोडी अंतरावर बसवा. बाळ छातीशी धरा

कुणाच्या अंगावर वीज पडली तर त्याच्या अंगात करंट राहत नाही. हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. शेणात पुरणं, मातीत ठेवणं यात जी वेळ जाते त्यात माणूस जातो.

गारा पडत असताना

लेकरांना ठरवलेल्या खोलीत, खिडकीपासून लांब, पलंगाखाली किंवा भिंतीच्या कोपऱ्यात बसवा. डोक्यावर, पाठीवर दुहेरी गोधडी, उशी घ्या. बाळाचं तोंड मात्र उघडं ठेवा, गोधडीत पूर्ण गुंडाळू नका. वाटेत सापडलात तर लेकराला खाली घेऊन त्याच्यावर ओणवं व्हा. टोपलं, दुमडलेलं पोतं, जे मिळेल ते डोक्यावर धरा.

पोरं भिणारच. ‘रडू नको’ म्हणून उपयोग नसतो. काय होतंय ते साध्या शब्दांत सांगा : ढगातून बर्फ पडतोय, थोड्या वेळानं थांबेल, आपण सगळे इथंच आहोत. मोठ्या पोराला काम द्या. बॅटरी धरायची, वीज चमकली की आकडे मोजायचे. हाताला काम असलं की भीती कमी होते. मोठी माणसं पिकाच्या नुकसानीनं खचलेली असतात, आरडाओरड होते, शिव्या निघतात. लेकरांना ते सगळं कळतं. ते बोलणं जमेल तेवढं बाहेर ठेवा.

ओलं लेकरू : पहिली दहा मिनिटं

थंडीतला पाऊस लेकरांना मोठ्यांपेक्षा लवकर बाधतो. त्यांचं अंग लहान, चरबी कमी, आणि अंगाच्या मानानं डोकं मोठं. ओल्या कपड्यात वारा लागला की अंगातली ऊब भराभर निघून जाते. म्हणून भिजलेलं लेकरू घरात आलं की आधी शेकोटीजवळ नेऊ नका. क्रम असा ठेवा :

१. वाऱ्यापासून आडोसा.
२. सगळे ओले कपडे काढा, लंगोटसुद्धा.
३. डोकं आणि अंग टॉवेलनं टिपून कोरडं करा. जोरानं घासू नका.
४. टोपी, मोजे, कोरडे कपडे, वरून गोधडी.
५. बाळ असेल तर नुसतं लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून धरा. वरून दोघांना मिळून गोधडी. आईला जमत नसेल तर बाप, आजी, कुणीही चालेल. अंगाच्या उबेइतकी सुरक्षित ऊब दुसरी नाही.
६. बाळाला अंगावर पाजा. मोठ्या लेकराला कोमट, गोड काहीतरी द्या.

बाळाला किती थंडी वाजली हे बघायची साधी पद्धत आशाताई सांगतात. हाताच्या मागच्या बाजूनं आधी बाळाचे तळपाय आणि मग पोट बघा. दोन्ही गरम म्हणजे ठीक. पाय गार आणि पोट गरम म्हणजे बाळाला थंडी बाधायला लागली, लगेच छातीशी धरा. पाय आणि पोट दोन्ही गार म्हणजे धोका. छातीशी धरूनच दवाखान्याकडे निघा. बाळ सुस्त पडलं, दूध ओढत नाही, रडणं क्षीण झालं, ही त्याचीच पुढची लक्षणं.

उकळत्या पाण्याची बाटली थेट अंगाला लावू नका, कातडी भाजते. ब्रँडी, दारू चोळणं, चाटवणं नको. पोटावर चटके, बिब्ब्याचे डाग नकोत. त्यानं ऊब येत नाही, जखम तेवढी होते.

शेगडी बाहेर, दार उघडं

लाईट गेली, घर गार पडलं की शेगडीत निखारे घालून खोली बंद करून झोपायची सवय आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात. उघड्या-वाघड्या जुन्या घरात हे खपून जायचं. आता स्लॅबची खोली, फटी बुजवलेल्या खिडक्या, वादळामुळे दाराला कडी. अशा खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड साठत जातो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. या वायूनं झोपेतल्या माणसाला जाग येत नाही, आणि लहान लेकरांवर, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम लवकर होतो.

डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, उलटी, गुंगी आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी असं होणं, ही खूण ओळखा. लगेच दार-खिडक्या उघडा, लेकरांना उचलून बाहेर मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा.

शेकायचं असेल तर झोपायच्या आधी, जागेपणी, दार उघडं ठेवून शेका. झोपताना शेगडी घराबाहेर ठेवा आणि निखाऱ्यावर पाणी मारा. जनरेटर घरात किंवा पडवीत लावू नका. तापवलेल्या विटा, गरम कपड्यांनी अंथरूण आधी उबदार करून, वीट काढून घेऊन मग लेकराला झोपवता येतं. सगळ्यांनी एका खोलीत झोपलं तर खोली आपोआप उबदार होते. बाळाला पाठीवर, तोंड उघडं ठेवून झोपवा.

चिमणी, मेणबत्तीऐवजी बॅटरी वापरा. भाजलंच तर त्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. पाणी सोडताना बाकीचं अंग कोरडं, झाकलेलं ठेवा.

कोपीतली आणि वाड्यावरची लेकरं

हाच हंगाम ऊसतोडीचा. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागातली हजारो कुटुंबं कारखान्याच्या तळावर, फडाजवळ कोपी करून राहतात. मेंढपाळांचे वाडेही रानात उतरलेले असतात. चटई, प्लास्टिक आणि बांबूच्या कोपीला स्लॅबची खोली कुठून आणायची?

अशा ठिकाणी पक्क्या घरात आधीच जाणं हाच खरा उपाय. मुकादमानं आणि ज्याच्या शेताजवळ तळ आहे त्या शेतकऱ्यानं अलर्ट आल्याच दिवशी सांगून ठेवावं : आभाळ भरलं तर बायका-लेकरांनी शाळेत किंवा आमच्या घरी यायचं. परगावच्या माणसाला स्वतःहून दार वाजवायचा संकोच असतो. निरोप आपण द्यायचा. त्यांच्या फोनवर आपल्या जिल्ह्याचा इशारा पोचेलच असं नसतं, आणि तो कुठल्या तालुक्याचा हेही त्यांना कळत नाही.

कोपी सखल जागी, ओढ्याच्या काठाला, विजेच्या तारेखाली नसावी. कोपीभोवती चर काढला तर पाणी आत येत नाही. अंथरुणाखाली जाड पाचट आणि त्यावर प्लास्टिक घाला, म्हणजे खालून गारवा लागत नाही. मात्र पाचटापासून चूल लांब ठेवा. उसाच्या फडात बांधावर झोपवलेलं लेकरू ढग दिसताच उचला. ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली, बैलगाडीखाली लेकरांना आसऱ्याला बसवू नका.

वादळ गेल्यावर

आधी लेकरं मोजा, मग नुकसान बघा. पंचनाम्याचे फोटो काढायला जाताना पोरांना मागं येऊ देऊ नका. फुटलेले पत्रे, खिळे, काचा, लोंबलेल्या फांद्या असतात.

तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, लाईट गेलेली असली तरी. ती कधीही येते. १९१२ वर किंवा वायरमनला कळवा. पत्र्याच्या भिंती ओल्या असतील तर मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून खात्री करूनच लेकरांना आत न्या. चालू वायर ओल्या पत्र्याला लागली की सगळं घर करंट मारतं.

विहिरी-बोअरमध्ये वरचं पाणी उतरलं असेल तर पाणी खळखळून उकळून, गार करून प्या. किंवा आशाताईंकडून क्लोरीनचं औषध घ्या आणि त्यांनी सांगितल्या मापातच टाका. हगवण लागली तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळा, थोडं-थोडं पाजा, २४ तासांनी उरलेलं ओता. सोबत झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. अंगावरचं दूध बंद करू नका.

ओल्या गोधड्या उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय बाळाला घालू नका. पोरं पुढचे काही दिवस गडगडलं की दचकतात, रात्री अंथरूण ओलं करतात. त्यांना रागावू नका, जवळ झोपवा.

दवाखान्यात कधी न्यायचं?

वादळानंतरच्या दोन-चार दिवसांत सर्दी-खोकला होतोच. त्यातलं न्युमोनियाचं लेकरू ओळखायला श्वास मोजावा. लेकरू शांत असताना किंवा झोपेत, कपडा वर करून, पोटाची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट मोजा.

– दोन महिन्यांच्या आत : ६० किंवा जास्त
– दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त
– एक ते पाच वर्षं : ४० किंवा जास्त

इतका श्वास असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, छातीतून घरघर येते, ओठ निळसर दिसतात, लेकरू दूध-पाणी घेत नाही, सारखं उलट्या करतं, झटका येतो किंवा जागंच होत नाही, तर सकाळची वाट बघू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा अंग गार पडलं तरी तेच करा. नेताना लेकराला छातीशी धरून, झाकून न्या.

फ्रीजवर किंवा दाराच्या मागे चिकटवून ठेवा

– रुग्णवाहिका : १०८
– गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी गाडी : १०२
– पोलीस आणि इतर तातडीची मदत : ११२
– जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७
– वीज तक्रार : १९१२
– त्याखाली हातानं लिहा : आशाताई, अंगणवाडी ताई, पोलीस पाटील, तलाठी, वायरमन, शाळेचे गुरुजी, शेजारची वस्ती

नेटवर्क कमी असताना कॉल लागत नाही, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.

पुढचा इशारा कधी येईल ते सांगता येत नाही. आज संध्याकाळी एवढं तरी करा : पिशवी भरा, पक्की खोली मोकळी करा, शेगडी बाहेर ठेवायचं ठरवा, आणि ‘लेकरांपाशी कोण?’ या प्रश्नाला घरात एका मोठ्या माणसाचं नाव लावून टाका. ताडपत्री त्यानंतर.